मथुराबायचा उसना आवाज

मिथुनच्या हळदीचं मथुराबायला आवतण नव्हतं, तरी ती तिथे गात होती.

ती स्वतः आपल्या ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती, हे खरं. गाणं येत होतं तीन गल्ल्या पलीकडून, मिथुनच्या मांडवातल्या माणसाएवढ्या स्पीकरमधून. पण आवाज तिचा होता. सुरुवातीला खाली बसलेला, मग हळूहळू वर चढणारा आणि ओळ संपता संपता जरासा कापणारा. अख्ख्या वेसावा कोळीवाड्यात असा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. आणि गाण्यात नावं होती मिथुनच्या आज्याची, त्याच्या होडीची, त्याच्या मेलेल्या आत्याची. मथुरानं मिथुनच्या घरी उभ्या जन्मात गाणं म्हटलं नव्हतं. त्या घराशी तिचं वीस वर्षांपूर्वी पाण्याच्या नळावरून वाजलं होतं, ते काही मिटलं नव्हतं.

म्हातारीनं तेलाची वाटी खाली ठेवली. आधी वाटलं, आपल्याला वेड लागलं. मग वाटलं, वेड लागतं ते डोक्याला, स्पीकरला नाही. तशीच तेलकट पायांनी उठली आणि चालत सुटली.

मथुराबाय म्हणजे धवलारीण. लग्नात मांडव उभारल्यापासून नवरीची हळद उतरेपर्यंत जे जे विधी होतात, ते धवले, म्हणजे त्या विधींची गाणी, गाऊन पार पाडणारी बाई. ती गाण्यातून देवांना मांडवात बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, आणि सगळे आले असं धरून मग हळद लागते. सासूनं तिला हे शिकवलं त्याला चाळीस वर्षं झाली. सासूचा दंडक असा, की लग्नाआधी त्या घरी जायचं, चुलीपाशी बसायचं, कोण कधी गेलं, कसं होतं, काय खायला आवडायचं ते विचारायचं, आणि मगच गाणं बांधायचं. मथुरानं तो दंडक बरीच वर्षं पाळला. पुढे गुडघे बोलायला लागले, नावं तोंडपाठ झाली, आणि चुलींच्या जागी गॅस आले. मग कोण कशाला जातंय?

मिथुनच्या मांडवात लॅपटॉपमागे कृणाल उभा होता. कृणाल तिच्या दिराचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, केसांना पिवळा रंग, धंदा डीजेचा.

"हे काय लावलंस रे?"

"काकी! अगं तुझंच गाणं. सगळे बोलतात झकास आहे म्हणून."

"मी कधी गायले हे?"

कृणालनं खांदे उडवले. "मला काय माहीत? मला फाइल आली, मी लावली. तूच रेकॉर्डिंग केलंस ना?"

तेवढ्यात दोन बायका हळदीच्या हातांनी येऊन तिच्या पाया पडल्या. "मथुराबाय, काय गायलीस गो! रडवलंस." मथुरा तोंड उघडून म्हणणार होती की मी नाही ती. पण लग्नांत स्पीकर आल्यापासून, चार वर्षांत, कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं. ती गप्प बसली. हे गप्प बसणं तिला पुढे महागात पडलं, पण ते पुढचं पुढे.

घरी येऊन तिनं नातीला, पूर्वीला, विचारलं. पोरगी चोवीस वर्षांची, अंधेरीच्या एका ऑफिसात कामाला, दीड महिन्यावर तिचंही लग्न ठरलेलं.

"आजी, आता तसं होतं. मशीनला आवाजाचा नमुना दिला ना, की मशीन त्या आवाजात काहीही गातं."

"आणि शब्द?"

"शब्दही करतं. नावं टाकायची, गाणं तयार."

पूर्वीनं हे सांगताना फोनवरून मान वर केली नाही. मथुरानं ते बरोब्बर हेरलं.

त्या दिवसापासून म्हातारीच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला तो शिरलाच. मशीनला काय, ते कुठेतरी परदेशात असेल. पण मशीनला मथुराचा आवाज दिला कुणी? तिची चाल, गाण्याचे वळसे, देव आधी आणि पितर नंतर हा क्रम, आणि मुख्य म्हणजे समुद्रात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायच्या आधी ती घेते तो लांब श्वास, हे सगळं त्या गाण्यात जसंच्या तसं होतं. हे बाहेरच्याला जमणारं नव्हे. चोर घरातलाच होता.

मग तिनं घर धुंडाळायला सुरुवात केली, म्हणजे नजरेनं. मुलगा हरेश्वर बाद, तो आठवड्यातले पाच दिवस होडीवर आणि उरलेले दोन झोपेत. राहिले तिघे. कृणाल, कारण गाणं त्याच्याकडे वाजतं आणि कमाई त्याची होते. पूर्वी, कारण ती शिकलेली आणि फोनवरून मान वर न करणारी. आणि सून कल्पिता, कारण ती सून.

कल्पितावर खरं तर तिचा संशय कमी होता. चारकोपची पोर, सव्वीस वर्षांपूर्वी या घरात आली तेव्हा मोठ्या हौसेनं सासूमागे गुणगुणायला बसली होती. पहिल्याच दिवशी मथुरानं चार बायकांसमोर सांगितलं होतं, "तुझ्या गळ्यात सूर नाय, फुटकं मडकं आहे. तू मावरं वीक." बायका पोट धरून हसल्या होत्या. कल्पिता तेव्हापासून मासे विकत होती. पहाटे धक्क्यावर, मग टोपली घेऊन लोखंडवाल्याच्या बिल्डिंगींत दारोदार. ओरडून ओरडून होता नव्हता तो आवाजही घोगरा झालेला. अशी बाई गाणं चोरून करणार काय?

तरी तिनं सापळा लावला तो तिघांसाठीही. महिन्याभरानं गल्लीतल्या श्रुतिकाची हळद होती, आणि तिथेही गाणं स्पीकरवरच लागणार हे कृणालच्या तोंडून निघून गेलं होतं. मथुरानं काय करावं? पूर्वीला जेवताना सहज सांगितलं, श्रुतिकाच्या पणजीचं नाव चांगुणा होतं बरं का. कृणालला सांगितलं, भागीरथी. कल्पिता बोंबील उलटत होती तिथे जाऊन म्हणाली, "श्रुतिकाची पणजी हिराबाय, मोठी नावाजलेली बाई." तिन्ही नावं खोटी. जे नाव स्पीकरमधून येईल, तो चोर. सापळा लावून म्हातारी इतकी खूश झाली की त्या दिवशी गुडघाही दुखला नाही.

महिनाभर तिनं घरातल्या कुणाला सुखानं श्वास घेऊ दिला नाही. पूर्वी हेडफोन लावून बसली की ही मागे उभी. कृणाल चहाला आला की त्याच्या बॅगेकडे नजर. आणि एवढ्यावर थांबली असती तरी ठीक होतं. पण बाजारात, देवळात, पापड लाटायला बसलेल्या बायकांत, जिथे बसेल तिथे ती सांगत सुटली, की आता गाणी माणूस बांधतच नाही, मशीन बांधतं, बटण दाबलं की झालं, आणि कुणीतरी माझा आवाज चोरून त्या मशीनच्या घशात घातलाय. बायकांनी कानांना हात लावले. मथुराबाय बोलते म्हणजे खरंच असणार.

श्रुतिकाच्या हळदीला ती बोलावल्याशिवाय गेली आणि स्पीकरच्या पुढ्यातच खुर्ची टाकून बसली. कल्पिता मागच्या बाजूला बायकांत होती. पूर्वी मेंदीपाशी.

गाणं सुरू झालं. मथुरा मथुराला ऐकू लागली. देव आले, होडी आली, आजा आला. आता पणजी. म्हातारीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

*रखमाआजे, ये गो मांडवाला,*
*टोपली ठेव दाराला.*
*हात नको धुवू, मावऱ्याचा वास राहू दे,*
*नातीला तुझी वलख पटू दे.*

श्रुतिकाची म्हातारी आजी, जिला खुर्चीतून उचलून आणली होती, ती हुंदके देऊन रडायला लागली. मग तिची सून रडली, मग नवरी.

चांगुणा नाही, भागीरथी नाही, हिराबाय नाही. रखमा. आणि रखमा हेच खरं नाव होतं, जे तिनं एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. बरं, नाव एक वेळ कुठून कळलं असेल. पण या ओळी? या ओळी तिच्या नव्हत्या. तिच्या सासूच्याही नव्हत्या. आजवरच्या कुठल्याच धवल्यात त्या नव्हत्या. आणि त्या तिच्या तोंडून, तिच्या कापऱ्या आवाजात, गावासमोर येत होत्या, आणि त्यांच्याएवढं चांगलं ती आयुष्यात कधी गायली नव्हती. हे तिला त्या क्षणी समजलं आणि त्याच क्षणी तिचं माथं फिरलं.

ती उठली आणि तिनं कृणालची कॉलर धरली. "कुणी दिलं हे? नाव सांग, नायतर हे खोकं समुद्रात टाकते."

"काकी, सोड! लोक बघतायत!"

"बघू दे. नाव!"

कृणालनं घाबरून फोन तिच्यासमोर धरला. तिला वाचता येत होतं तेवढं पुरेसं होतं. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, कल्पिता वहिनी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हातारी गर्रकन वळली. गाणं बंद झालं होतं आणि दीडशे माणसं तिच्याकडे बघत होती.

"ही माझी सून! माझा आवाज चोरला हिनं. आणि हे शब्द? हे काय हिचे आहेत? हिला चार ओळी धड बोलता येत नाहीत, ही गाणं बांधणार? मशीनचं आहे सगळं, मशीनचं! ही नुसती बटण दाबते, तेही खवल्यांच्या हातानं!"

 कल्पितानं हातातलं हळदीचं ताट शेजारणीकडे दिलं, चपला शोधल्या आणि निघून गेली. कुणीतरी हसलं. मथुराला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पिता मागच्या दारी कोलंबी सोलत होती. मथुरा समोर पाट ओढून बसली, भांडणाच्या तयारीनं. पण सुनेनं भांडण केलं नाही. ओले हात पदराला पुसले, फोन काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"ऐका."

फोनमधून आधी रिक्षांचे हॉर्न आले. मग कल्पिताचा घोगरा आवाज, हळू, स्वतःशीच. *रखमाआजे ये मांडवाला, हात धुऊन ये...* मग थांबली. *नाय. हात धुऊन नाय.* मग मोठ्यानं, "पापलेट संपलं ताई, सुरमई घ्या!" मग परत हळू, *हात नको धुवू...* मग लिफ्टचं दार वाजलं. *हात नको धुवू, वास राहू दे... वास राहू दे, मग काय? नात... नातीला...* कुत्रा भुंकला. बराच वेळ काही नाही. मग एकदम, हसल्यासारखं, *नातीला तुझी वलख पटू दे.* आणि लगेच, "अहो, दोनशे कमी नाय होणार, बघा तरी ताजी कशी आहे!"

असं एक नव्हे, फोनमध्ये शंभरावर रेकॉर्डिंगं होती. मथुरानं चार ऐकली. पाचवं लावायला ती तयार नव्हती.

"रखमा नाव कुठून कळलं?"

"श्रुतिकाच्या आजीला विचारलं. तुम्ही हिराबाय बोललात, तरी मी जाऊन बसले तिच्याजवळ. तिनं सांगितलं, रखमाआजीला एकदा बिल्डिंगीतल्या लग्नात दारातून परत पाठवलेलं, हात धुऊन ये, वास येतो म्हणून. ती परत गेलीच नाय."

"आणि आवाज?"

"तो चोरला." कल्पितानं मान खाली घातली. "मागच्या वर्षी पूर्वीनं गंमत म्हणून तुम्ही गायलेल्या एका लग्नाच्या व्हिडिओवरून करून दाखवलं. मी तिला शपथ घातली, कुणाला बोलू नको. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो बोलला असता? माझ्या गळ्यातून कोण ऐकणार होतं, आई? तुमच्या गळ्यातून सगळ्यांनी ऐकलं. आवाजाचं चुकलं, पाया पडते. पण शब्द माझे आहेत."

"धवल्याचे शब्द आपले नसतात. सासूचे सुनेला मिळतात."

"मला कुठे मिळाले?" तिनं पहिल्यांदा नजर वर केली. "आणि तुम्ही तरी काय करता, आई? एकच गाणं चाळीस वर्षं. नुसती नावं बदलता. ते तर मशीनला पण येतं."

कुणी मथुराच्या कानफटात मारली असती तर ती परत मारून मोकळी झाली असती. इथे ती पाट सरकवून उठली. ती आठ दिवस सुनेशी बोलली नाही. त्या आठ दिवसांत ती रोज दुपारी देवळामागे बसून एक तरी नवी ओळ बांधायचा प्रयत्न करायची. ओठ हलायचे, आणि निघायची ती सासूची ओळ. चौथ्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. आठव्या दिवशी मनातल्या मनात सुनेचं कौतुक वाटलं, आणि त्याचा अधिकच राग आला.

पूर्वीची हळद रविवारी होती. मथुरानं आधीच बजावलं होतं, माझ्या नातीच्या मांडवात खोकं वाजणार नाही, मी गाईन. ती उभी राहिली. देव आले. घराणं आलं. मग तिनं डोळे मिटले आणि ठरवलं, आता नवं काहीतरी, माझं स्वतःचं, माझ्या नातीसाठी. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. बायका वाट बघत राहिल्या. पूर्वीनं मान वर करून बघितलं.

मथुरानं डोळे उघडले आणि गर्दीत सुनेला शोधलं. "कल्पिता, पुढचं तू म्हण. तुझं."

हे तिच्या तोंडून निघायला किती लागलं, ते तिचं तिलाच माहीत. कल्पितानं पदर सारखा केला. मग पुढे आली, घसा खाकरला आणि गायला लागली. सूर कुठे लागत होता, कुठे सटकत होता. पण शब्द होते तिच्या मुलीसाठी. आईनं तिला माशांच्या पाण्यापासून लांब ठेवलं, शाळेत पाठवलं, आणि आता तिचे मऊ हात बघून आईलाच परकं वाटतं, असे. मथुराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं मोठ्यानं रडून घेतलं, लाज न बाळगता.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मशीनचं पाठ करून आलीय."

"दिसतंयच की," दुसरी म्हणाली. "हिला कुठलं सुचतंय असं?"

मथुरा वळली. "तिचं आहे! मी कानांनी ऐकलंय, दारोदार फिरत बांधलंय तिनं. शब्द न् शब्द तिचा आहे."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांतली थोरली, मथुराच्याच वयाची, समजावणीच्या सुरात म्हणाली, "असू दे गो मथुराबाय. नातीच्या हळदीत सुनेची बाजू घ्यायलाच पाहिजे. पण तूच सांगितलंस ना आम्हाला, मशीन बांधतं, ही बटण दाबते? देवळात पण बोललीस, भर मांडवात पण बोललीस."

"मी चुकले. खोटं बोलले मी."

"राहू दे, राहू दे. डोळे पूस."

कल्पिता गाता गाता थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दोन ओळी राहिल्या होत्या, त्या तिनं म्हटल्या नाहीत. "भाताकडे बघते," म्हणाली आणि मागे गेली.

"काकी, थंड पडलं सगळं," कृणाल हळूच म्हणाला. "ही फाइल आहे माझ्याकडे. वहिनीनं तुझ्या आवाजात करून ठेवली होती. लावू का?"

मथुरा नको म्हणाली. पण बायकांनी टाळ्या वाजवून लाव, लाव असा गजर केला, आणि कृणालनं लावली. मांडवभर मथुराचा आवाज घुमला, गोल, भरलेला, शेवटी जरासा कापणारा, तेच शब्द घेऊन. आता सगळ्या रडल्या. एकीनं येऊन मथुराच्या पायांना हात लावला, मग दुसरीनं, मग रांगच लागली.

"माझं नाय गो हे," मथुरा एकेकीला सांगत होती, "सुनेचं आहे, तिच्या पाया पडा."

स्पीकरपुढे कुणालाच ते ऐकू आलं नाही.